झाकणाच्या आतली चिठ्ठी

दादा, सप्रेम नमस्कार.

काल पंख्यातली धूळ काढायला तुम्ही दुरुस्त केलेल्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं आणि हे पत्र लिहायला बसावंच लागलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, पिवळसर कॅप्टॉन टेपखाली, तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती:

"मेमरीच्या सहाही चिप – पॅड १ मिमी. पॉवर सेक्शन – १.५ मिमी. ०.५ लावू नका, टेकत नाही. उजवीकडची मधली चिप बदलली आहे. हीटसिंकचे स्क्रू आकड्यांच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत."

बिलावर यातलं काही नव्हतं, तोंडीही तुम्ही काही बोलला नव्हतात. ही चिठ्ठी मालकासाठी नाहीच. पुढे कधीतरी हा लॅपटॉप उघडेल त्या अनोळखी कारागिरासाठी आहे, आणि तो कदाचित तुमच्याच धंद्यातला स्पर्धक असेल. आधीच्या माणसाला अशी एखादी चिठ्ठी मिळाली असती, किंवा त्याने जुना पॅड, म्हणजे चिपची उष्णता वरच्या हीटसिंकच्या धातूकडे नेणारा मऊ तुकडा, फेकण्याआधी मोजला असता, तर ग्राफिक्स कार्ड आजारी पडलंच नसतं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी हा लॅपटॉप जाऊन आला होता. नावं घेत नाही. पहिल्या ठिकाणी पडद्यावरचे रंगीत चौकोन बघून डिस्प्लेची केबल बदलली आणि वर विंडोज नवीन टाकून दिलं. दोन्ही वाया. पडद्यावर चौकोन दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो मोबाइलवर उघडून बघायचा. चौकोन त्यातही असतील तर बिघाड चित्र तयार होतं तिथे, म्हणजे ग्राफिक्स चिपमध्ये, तिच्या मेमरीत किंवा फार तर ड्रायव्हरमध्ये. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर केबल आणि पॅनेलकडे वळायचं. एवढ्याला स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. तुम्ही टेबलाशी उभ्या उभ्या हेच केलंत. मग झाकण पुढेमागे हलवून पाहिलंत, चौकोन जागचे हलले नाहीत, आणि केबलचा विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या ठिकाणी प्रकरण जास्त बिघडलं. तोवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ आला होता. कोड ४३ चा अर्थ एवढाच, की कार्डाने गडबड कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. गडबड कसली, हे तो कोड सांगत नाही. तिथल्या गृहस्थांनी मल्टिमीटर बीपवर ठेवला, ग्राफिक्स चिपला वीज पुरवणाऱ्या कॉइलला एक टोक आणि ग्राउंडला दुसरं लावलं. बीप वाजल्यावर निकाल दिला: "चिप शॉर्ट, बोर्डच बदला." आता, बहुतेक मीटर तीस-पन्नास ओहमच्या खाली बीप देतात, आणि आजच्या मोठ्या ग्राफिक्स चिपच्या गाभ्याचा ग्राउंडशी रोध मुळातच एखाद-दोन ओहम, कधी त्याहूनही कमी असतो. धडधाकट कार्डावरसुद्धा तिथे बीप वाजतो. तिथे बीप ऐकायचा नसतो, ओहमचा आकडा वाचायचा आणि त्याच चिपच्या चांगल्या बोर्डाशी ताडून पाहायचा. १९ व्होल्टच्या मुख्य लाइनवर, जिथे रोध मुळात जास्त असतो, बीप वाजला असता तर गोष्ट वेगळी होती.

बोर्ड बदलायला नकार दिल्यावर त्यांनी "हीट मारून बघू" म्हटलं. लॅपटॉप पंधरा-वीस दिवस चालला आणि परत पडला. हीट मारण्याला दुरुस्ती म्हणणं बंद झालं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. हीटगन वरून फिरवून तितकी उष्णता बोर्डाला वाकडं न करता चिपखाली सगळीकडे सारखी पोचवणं जवळपास अशक्य. होतं काय, की सगळं फुगतं, तडकलेला सांधा तात्पुरता टेकतो, आणि थंड-गरम होण्याच्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा सुटतो. शिवाय सांधा दर वेळी चिप आणि बोर्डामधलाच असतो असंही नाही. चिपच्या आत, सिलिकॉन आणि त्याखालच्या पट्टीमध्येही बारीक सोल्डरचे ठिपके असतात. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या काही चिपच्या याच आतल्या बांधणीच्या कमकुवत साहित्यापायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. तसल्या चिपला रीबॉलिंग केलं, म्हणजे खालचे सोल्डरचे ठिपके नव्याने घातले, तरी उपयोग नसतो, ती बदलावीच लागते.

तुम्ही बॅटरीचा कनेक्टर काढला, हीटसिंक उचलला आणि बराच वेळ नुसते बघत राहिलात. तापमानाचे जुने आकडे तुमच्यासमोर होते: लोड, म्हणजे कामाचा ताण, असताना चिप ७२ ते ७४ अंश, म्हणजे ठणठणीत. त्याच आकड्यावर विसंबून आधीच्या दोघांनी "तापण्याचा प्रॉब्लेम नाही" असं सांगितलं होतं. पण तो आकडा ग्राफिक्स चिपचा. या कार्डात मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरला दिसतच नाही. तुम्ही मेमरीवरचे सहा पॅड बघत होता. डावीकडच्या तिन्ही पॅडवर चिपचा चौकोन कडांसकट उमटला होता. उजवीकडचे तीन नंतर कुणीतरी टाकलेले. रंग वेगळा, आणि वरची बाजू पाकिटातून आत्ताच काढल्यासारखी गुळगुळीत. कुठेही छाप नाही. म्हणजे हीटसिंक त्यांना कधी टेकलाच नव्हता, आणि त्याखालच्या तीन चिप इतके दिवस आपापल्या उष्णतेत शिजत होत्या.

मग तुम्ही खेळण्यातल्या चिकणमातीच्या छोट्या गोळ्या त्या चिपांवर ठेवल्या, हीटसिंक पुरता आवळला, परत काढला आणि चपट्या झालेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजली. ०.८ मिमी. पॅड होता ०.५ चा. तिथे १ मिमीचा मऊ पॅड बसवायचा, म्हणजे तो दाबला जाऊन नीट टेकतो. उलट चुकीने २ मिमीचा घातला तर तो हीटसिंकच उचलून धरतो आणि मुख्य चिप उघडी पडते. पॅडच्या बाबतीत "जाड तितका चांगला" हा हिशोब चालत नाही.

त्यानंतर पेनड्राइव्हवरून मॅट्स हे मेमरी तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं. ड्रायव्हर नसला तरी ते ग्राफिक्सची मेमरी थेट तपासतं आणि चुका कुठल्या चिपच्या वाट्याच्या आहेत ते दाखवतं. पाच चिप शून्य, उजवीकडची मधली चुकांनी भरलेली. तुम्ही फक्त तिलाच हात लावलात. जुनीच रीबॉल करून बसवता आली असती, पण एवढं सोसलेल्या चिपवर तुम्ही विश्वास ठेवला नाहीत, ते बरं केलंत. नवी घेताना कंपनीही तीच आणि क्षमताही तीच, १ जीबी, हे पाहून घेतलंत, कारण कुठली मेमरी लावली आहे हे कार्डाला बोर्डावरचे बारके रेझिस्टर सांगतात. दुसरी घातली तर चांगली चिपही बिघडल्यासारखी वागते.

बोर्ड खालून आधी गरम केला, भोवतालच्या कनेक्टरना टेप लावली, सोल्डर नीट पसरावं म्हणून फ्लक्स घातला, चिपची दिशा दाखवणारा कोपऱ्यातला ठिपका जुळवला. हे सगळं अनेकांना येतं. सोल्डर वितळल्यावर चिमट्याच्या टोकाने तुम्ही चिपला एका बाजूने अगदी हलकं ढकललंत आणि ती आपसूक जागेवर सरकून आली. खालच्या १८० ठिपक्यांनी पकड घेतल्याची ती खूण.

चालू झाल्यावर लगेच लॅपटॉप हातात दिला नाहीत, याचेही आभार. मॅट्स पुन्हा शून्य आल्यावर अर्धा तास पूर्ण लोड, मग बंद करून पार थंड होईपर्यंत थांबणं, परत लोड, असं तीनदा केलंत. कच्चा सांधा गरम असताना टिकतो आणि थंड होताना दगा देतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "अजून सांगता येत नाही, मोजून सांगतो." आधीच्या दोन्ही ठिकाणी हे वाक्य ऐकायला मिळालं नव्हतं. तिथे उत्तरं झटपट मिळाली होती. गिऱ्हाइकासमोर "माहीत नाही" म्हणण्याची लाज न वाटणारा माणूस कुठल्याही धंद्यात भेटला की हायसं वाटतं, मग तो डॉक्टर असो की गवंडी.

तुमची चिठ्ठी होती तिथेच परत चिकटवली आहे. टेपचा एक कोपरा उष्णतेने सुटला होता, तो नवा लावला. चिठ्ठीखाली जागा होती, तिथे तारीख घालून एक ओळ वाढवली आहे: "पंखा साफ केला. हीटसिंक काढलेला नाही, पॅड जुनेच."

आपला आभारी,
एक गिऱ्हाईक