जुन्या घराच्या वीज तपासणीचा चुकीचा अहवाल मागे घेण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मये (ता. डिचोली) येथील आमच्या वडिलोपार्जित घराच्या वीज फिटिंगची तपासणी आपल्या कंपनीने केली. अहवालात ‘संपूर्ण फिटिंग सुरक्षित’ असा शेरा आहे. तो खोटा आहे. त्यात ज्या चाचण्यांचे आकडे छापले आहेत, त्या आमच्या घरी झालेल्याच नाहीत.

अहवालात अर्थिंगचा, म्हणजे गळलेली वीज जमिनीत नेणाऱ्या जोडणीचा, रोध २ ओहम दाखवला आहे. आमच्या घराला अर्थिंगच नाही. राजांगणाभोवतीचे (घरातल्या मधल्या चौकाभोवतीचे) मूळ फिटिंग दोन तारांचे. नंतर तीन पिनांची सॉकेट बसवली, पण अर्थच्या भोकामागे तार जोडलेली नाही. एक सॉकेट उघडले असते तरी हे कळले असते. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हेही आपल्या माणसाने विचारले नाही. मग हे २ ओहम मोजले कुठे?

सगळ्या सर्किटांचा इन्सुलेशन रोध (तारेचे वेष्टन वीज किती अडवते त्याचे माप) तर एकच लिहिला आहे. मेगर या मापकयंत्राने ही चाचणी करायची तर मेन स्विच बंद करावा लागतो, बल्ब आणि उपकरणे काढून ५०० व्होल्टचा दाब द्यावा लागतो. आपला माणूस घरात असेपर्यंत आईचा फ्रिज आणि पंखा चालूच होता. माळ्यावर तो चढलाही नाही आणि खरी भीती तिथेच आहे. लाकडी पट्ट्यांवरच्या कापडी वेष्टनाच्या रबरी तारा इतक्या वाळल्या आहेत की हात लावताच रबराचे तुकडे पडतात. पावसात कौलांतून झिरपलेले पाणी वाशांवरून त्यांच्यावरच उतरते.

शंका आली म्हणून गावच्या परवानाधारक वायरमनला बोलावले. स्वयंपाकघराच्या लाईनचा इन्सुलेशन रोध पाव मेगाओहमही भरला नाही. त्या बारीक तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप पडणारा स्विच) आहे, म्हणजे तार तापून पेटली तरी तो पडेलच असे नाही. चिनी मातीचे फ्यूज काढून एमसीबी लावला की घर सुरक्षित झाले, असे आमच्याकडे बरेच जण समजतात. तपासणाऱ्यानेही तसेच धरून चालावे हे अक्षम्य आहे. माळ्यावरच्या जुन्या बोर्डात न्यूट्रललाही फ्यूज आहे. तो उडाला तर दिवा विझतो, पण तारेत वीज राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) कुठेच नाही, तरी अहवालात ‘संरक्षण योग्य’ असे लिहिले आहे.

आम्ही स्वयंपाकघराची लाईन बंद ठेवली आहे. चतुर्थीला सगळे कुटुंब याच घरात जमते, माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीवर) रोषणाई असते, मुले ओल्या पायांनी घरभर फिरतात. आपल्या अहवालाच्या भरवशावर भाऊ गिझर बसवायला निघाला होता. तपासणी झालीच नसती तर आम्ही निदान जपून राहिलो असतो.

तो अहवाल लेखी मागे घ्यावा. परवानाधारक सुपरवायझर पाठवून, माझ्यासमोर प्रत्येक सर्किट मोजून नवा अहवाल द्यावा. ते जमत नसेल तर पूर्ण शुल्क परत करावे. याच माणसाने तपासलेल्या इतर जुन्या घरांचीही फेरतपासणी व्हावी, कारण तिथल्या लोकांना हे माहीतही नसेल.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत: अहवाल व पावतीची प्रत, वायरमनची मोजमापे, माळ्यावरील तारांची छायाचित्रे.

आपली ग्राहक,
मये, डिचोली