नंबर आला नाही, म्हणून गाणं बंद?

महोदय,

गणेशोत्सवातल्या बालगायन स्पर्धांचे निकाल आपल्या अंकात रोज येताहेत. पहिला, दुसरा, तिसरा, उत्तेजनार्थ. त्या यादीत नाव नसलेल्या एका मुलीबद्दल हे पत्र.

मी रामबागेत राहते, गेली २६ वर्षं घरी गाणं शिकवते. ही ११ वर्षांची मुलगी माझ्याकडे भूप राग शिकत होती. तिला मी मेरुखंड, म्हणजे स्वरांचे सगळे क्रम मांडायची रीत, समजावून सांगितली. तीन स्वर उलटसुलट मांडले की ६ रचना होतात, चारांच्या २४, साती स्वरांच्या ५०४०. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांनी वडिलांच्या, सारंगिये शहामीर खाँ यांच्या हाताखाली हेच घोटलं, तेही सांगितलं. पोरीने ग, प, ध, सां या चार स्वरांच्या २४ रचना चौकटीच्या वहीत स्वतः मांडल्या आणि रोज म्हणू लागली. एके संध्याकाळी मध्येच थांबली. "काकू, धैवतावर थांबलं की हा भूप राहतच नाही. दुसरंच काहीतरी होतंय."

देशकार रागाचं नावही मी तिच्यापाशी काढलं नव्हतं. स्वर भूपाचेच पाच, पण गंधाराऐवजी (ग) धैवत (ध) वादी, म्हणजे मुख्य स्वर. हा फरक तिच्या कानाने आपणहून पकडला. माझ्या इतक्या वर्षांत असं फार थोड्यांदा घडलंय.

स्पर्धेत तिला चार मिनिटं मिळाली. बंदिश नीट म्हटली, नंबर आला नाही. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, "इतके महिने शिकून उपयोग काय? आता थोडे दिवस राहू दे." आईला मी दोष देत नाही. तिने ती वही पाहिलीच नव्हती. दाखवायचं काम माझं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

मंडळांना कळकळीची विनंती आहे, स्पर्धेच्या जोडीला एक संध्याकाळ बिननंबराची ठेवा. मुलांना अर्धवट शिकलेलंही गाऊ द्या, अडली तर थांबून पुन्हा सुरू करू द्या. आणि आपला बातमीदार तिथे पाठवा. मुलांना गाता गाता काय सापडलं, तेही छापून येऊ दे.

वही अजून माझ्याकडेच आहे. पाच स्वरांच्या १२० रचना तिने लिहायला घेतल्या होत्या, ३७ झाल्यात. उद्या ती घेऊन मी तिच्या घरी जाणार आहे.

आपली,
एक गायन शिक्षिका,
रामबाग, इंदूर