दिवे घाटातल्या मुलांनो, मनापासून आभार

माउलींच्या पालखीबरोबर आम्ही मायलेकी पुण्याहून निघालो. दिवे घाटात निम्म्यावर आईच्या चपलेचा अंगठा तुटला, अनवाणी चालताना टाच चिरली. गर्दीच्या रेट्यात आमची दिंडी पुढे निघून गेली. मला काही सुचेना.

तेवढ्यात एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, बिल्ले लावलेली अकरावी-बारावीची चार मुलं धावत आली. त्यातली एक मुलगी सरळ रस्त्यावरच बसली, आईचा पाय मांडीवर घेतला, बाटलीतल्या पाण्याने चिखल धुतला, पट्टी बांधली. आई संकोचाने पाय मागे घेत होती. "राहू द्या हो आजी," म्हणत तिने स्वतःचीच चप्पल आईच्या पायात सरकवली! बाकीच्यांनी फोनाफोनी करून दिंडी शोधली आणि सासवडला पोचेपर्यंत आईचा हात सोडला नाही.

तिथे कळलं, त्यांच्यातल्या एकाचे या योजनेतले वर्षाचे 120 तास सेवाकाम त्याच संध्याकाळी पूर्ण झाले होते. मित्रांनी टाळ्या वाजवल्या, आईने पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू त्याला भरवला. बिल्ल्यावरचं कोणार्कचं चाक दाखवून तो म्हणाला, "आजी, आठ आरे म्हणजे आठ प्रहर."

गडबडीत नावं विचारायची राहिली. बाळा, तुझी चप्पल आईने धुऊन, कागदात गुंडाळून ठेवली आहे.