त्या ४२ दिवसांसाठी, अण्णा

आदरणीय अण्णा,
साष्टांग नमस्कार.

आपल्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, हे पत्र हातात आणून दिलं असतं तरी चाललं असतं. पण यंदा बारावीला असलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

२०२५ साली बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि इंजिनिअरिंग प्रवेशासाठीच्या सीईटीचा १६ जूनला. मधले ४२ दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. सीईटी वेगवेगळ्या सत्रांत होते, त्यामुळे २०० पैकी किती मार्क पडतील याचा अंदाज बांधला तरी पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत ते, काही कळत नाही. त्यात रोज फोन यायचे. एका खाजगी विद्यापीठातून सांगत होते, सीईटीच्या निकालाआधी ५०,००० रुपये भरून सीट पक्की करा, नंतर जागा मिळणार नाही. बाबा घाबरले होते. आईने पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या, सोनाराकडे जायचं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी तुम्ही ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय छापून घेऊन आलात. वर्षाला ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, हे बाबांनी कुठेतरी ऐकलं होतं. पण ही माफी कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच मिळते, मॅनेजमेंट कोट्याला नाही आणि अशा खाजगी विद्यापीठांना तर नाहीच, ही ओळ तुम्ही बोट ठेवून वाचून दाखवलीत. "पोरीचा निकाल अजून आलेला नाही, आणि तुम्ही तिचा हक्क आत्ताच सोडायला निघालात?" एवढंच बोललात. पाटल्या परत कपाटात गेल्या.

पण तुमचे खरे उपकार त्याआधीचे आहेत. मी अकरावीत असतानाच तुम्ही जात पडताळणीचा अर्ज भरायला लावलात. तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. सीईटीला दीड वर्ष होतं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आमच्याकडे आजोबांचा एकही कागद नव्हता. तुम्ही बाबांच्या गाडीवर मागे बसून गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलात. पहिल्या दिवशी जनरल रजिस्टर सापडलंच नाही. दुसऱ्या खेपेला गुरुजींनी माळ्यावरचं कपाट उघडलं, आणि वाळवीने कडा खाल्लेल्या रजिस्टरात आजोबांचं नाव मिळालं. इयत्ता पहिली, १९५४. जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. तहसील कार्यालयातून निवृत्त झाल्यावर माणूस घरी बसून आराम करतो. तुम्ही वयाच्या सत्तरीत शेजाऱ्याच्या मुलीसाठी धूळ झटकत बसलात. बाबा अजून त्या दिवसाबद्दल बोलताना थांबतात.

नॉन क्रीमी लेअरचंही, म्हणजे घरचं उत्पन्न आरक्षणाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्याचंही तसंच. माझ्या दाखल्याची मुदत मार्चमध्ये संपली होती, आणि प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा दाखला हवा होता. बारावीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही आम्हाला तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद घेऊन सेतू केंद्रात पाठवलंत. सीईटीच्या निकालानंतर त्याच सेतूबाहेर रस्त्यापर्यंत रांग गेलेली मी पाहिली. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीने दाखल्यासाठी अर्ज केल्याच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज भरला आणि मूळ दाखला मुदतीत आला नाही. तिला खुल्या वर्गात धरलं गेलं. मार्क माझ्यापेक्षा जास्त होते तिला. हे लिहिताना अजूनही वाईट वाटतं.

उरलेल्या दिवसांत तुम्ही मला वही घेऊन बसवलंत. मागच्या वर्षीचे कॅपचे कटऑफ समोर ठेवून ९०, ९५ आणि ९८ पर्सेंटाइल धरून कॉलेजांच्या तीन याद्या करायला सांगितल्या. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की धरली जाते, म्हणून तिन्ही याद्यांत पहिलं नाव लिहिताना "इथेच शिकायला आवडेल ना?" असं विचारायचात. त्या वहीमुळे माझी झोप परत आली. हातात करायला काम होतं.

१६ जूनला ९४ च्या पुढे पर्सेंटाइल आलं. मी मधली यादी उघडली, दोन नावं वर-खाली केली आणि अर्ज भरायला बसले. कागद सगळे तयार होते. दुसऱ्या फेरीत इलेक्ट्रिकलला जागा मिळाली, फी माफीसकट.

तुम्ही दिलेली हिरवी फाइल माझ्या टेबलावरच आहे. आजोबांचा उतारा पहिल्या कप्प्यात आणि त्यामागे माझं पडताळणीचं प्रमाणपत्र. धाकटा यंदा अकरावी सायन्सला गेलाय आणि त्याच्या पडताळणीला आता हेच पुरावे लागतील. त्याचा अर्ज या वेळी मी भरतेय. रविवारी घरी आले की घेऊन येते. पाठवण्याआधी एकदा तुमची नजर फिरवा.

तुमची,
भिंतीपलीकडची लेक