आभासी गर्दीला दादरचा जिना दाखवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संगणकावर क्षणार्धात उभ्या राहणाऱ्या आभासी गर्दीविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेखाचा सगळा भर खेळ आणि चित्रपट यांवर होता. या संशोधनाचा आमच्या रेल्वे पुलांशी येणारा संबंध त्यात राहून गेला, म्हणून हे पत्र.

संगणकशास्त्रज्ञ प्रा. दिनेश मनोचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गर्दीतील आकृत्या चालवण्यासाठी २००८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत समोरासमोर येणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाने टक्कर टाळण्याची निम्मी जबाबदारी उचलावी, असे गृहीत धरलेले आहे. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटवायची, तर एका चित्रासाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात शेकडो आकृत्यांचे पुढचे पाऊल ठरवायचे असल्याने नियम असा सुटसुटीतच लागतो. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही.

मात्र संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलावर ही निम्मी जबाबदारी कोण उचलतो? डोक्यावर फुलांची पाटी घेतलेल्या बाईला वळता येत नाही, वळायचे ते इतरांनीच. फलाट बदलल्याची घोषणा झाली की अर्धा जिना उतरलेली माणसे जागच्या जागी उलटी फिरतात. गर्दी आणखी दाटली, की पाऊल कुठे पडणार हे आपण नव्हे, मागचा रेटा ठरवतो. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या जिन्यावर पावसामुळे खोळंबलेल्या गर्दीत झालेल्या चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. तिथे लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, तो या दुर्घटनेनंतर.

पादचाऱ्यांच्या हालचालींचा अंदाज बांधायला कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवताना संशोधक वर्षानुवर्षे ज्या चित्रफिती वापरत आले, त्यांतील सर्वपरिचित संच झुरिक आणि सायप्रस येथील आहेत. तिथल्या मोकळ्या पदपथांवर शिकलेल्या प्रणालीला आमचा जिना कसा उमगावा? पवईत आयआयटी आहे, स्थानकांवर कॅमेरेही आहेत. प्रवाशांचे चेहरे पुसून त्यांतील चित्रण रेल्वेने संशोधकांना उपलब्ध करून द्यावे आणि कोणत्याही नव्या पुलाची निविदा निघण्यापूर्वी त्याच्या आराखड्याची आभासी गर्दीवर चाचणी घेऊन निष्कर्ष प्रवाशांसमोर ठेवावेत, अशी विनंती आहे. चाचणी अर्थातच पावसाळ्यातल्या संध्याकाळची असावी, रविवार सकाळची नव्हे.

आपला,
एक रेल्वे प्रवासी
दादर, मुंबई