अव्या, आईला गिरगावात उतरवायचं कुठे?

पुणे,
बुधवार, रात्री उशिरा

प्रिय अव्या,

फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच "एक मिनिट हं" म्हणून कुणाशी तरी कानडीत बोलायला लागतोस, आणि हे मला अर्धवट सांगायचं नाही. काल संध्याकाळी प्रार्थना समाजाच्या बाजूच्या एका लॉजवाल्याने आईला खोली नाकारली. कारण ऐक. तिच्या आधार कार्डावर गिरगावचा पत्ता आहे.

"लोकल आयडी चालत नाही, सर." मी म्हटलं, अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई आहे, सोबत मी तिचा मुलगा आहे. तर म्हणाला, तुमचं पुण्याचं कार्ड चालेल, त्यांचं नाही चालणार. असा कायदा कुठेही नाही, अव्या. त्याच शहराच्या माणसाला खोली द्यायची नाही ही या लॉजवाल्यांची आपापली पद्धत आहे. भानगड नको, पोलिसांची चौकशी नको, म्हणून. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता, तो नोकर माणूस. फोन ठेवला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. आईला गिरगावात खोली हवी आहे कारण तिथे तिला आता घर नाही, आणि खोली मिळत नाही कारण ती गिरगावची आहे. नीलिमाला सांगितलं तर ती म्हणाली, दुसरं हॉटेल बघ. तिचं बरोबरच आहे. पण ती आपल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहिलेली नाही.

पत्ता बदलायला मी आईच्या मागे किती लागलो होतो ते तुला माहीत आहे. बँकेचा बदलला, गॅसचा बदलला, आधारचा मात्र तिने हात लावू दिला नाही. "असू दे की, तुझं काय खातंय?" मग मीही विषय सोडला.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. गिरगावातली पाडव्याची शोभायात्रा. दिवाळीपासून तिचं एकच चाललंय, एकदा बघू दे. टीव्हीवर दाखवतात ती नको, रस्त्यावर उभं राहून बघायची आहे. फडके गणपतीपाशी सकाळीच सुरुवात होते आणि डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, बोरीबंदरला पोचेपर्यंत साडेदहा. म्हणजे आदल्या दिवशी जाऊन एक रात्र मुक्काम करायला हवा. एकच रात्र! मला वाटलं दहा मिनिटांचं काम आहे.

तब्येतीचं विचारशील म्हणून: उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, डावा करू देत नाही. साखर आटोक्यात. माझं ठीक.

पहिला अडथळा बोरिवलीचा. सुलूमावशीच्या प्रकाशला कळलं आणि त्याचा फोन: "आम्ही मेलो का? हॉटेलात कसले उतरता?" आईचंही तेच म्हणणं. मुंबईत आपली माणसं असताना पैसे मोजून परक्या गादीवर झोपायचं, ही कल्पनाच तिला सहन होईना. आपल्याकडे कोण कुठे उतरायचं ते तुला आठवतं ना? मे महिन्यात अख्खी गॅलरी कोकणातल्या माणसांनी भरलेली असायची, रात्री नळावर जायचं तर पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न. तुझ्या दापोलीच्या काकांच्या पोटावर मी पाय दिला होता, आणि ते झोपेतच "या, या, बसा" म्हणाले होते. पण गिरगावसाठी बोरिवलीहून सकाळी सातला चर्नी रोड स्टेशन गाठायचं म्हणजे काय ते तू जाणतोस. फास्ट गाडी मुंबई सेंट्रलनंतर थेट चर्चगेटला थांबते. स्लो पकडा नाहीतर मधे बदला, वर जिना चढा, पूल ओलांडा, उतरा. ती पोचेल, पण तिथे पोचल्यावर उभी राहू शकणार नाही.

मी तिला समजावलं, अगं, पुण्याच्या माणसाने मुंबईत येऊन लॉजवर उतरायचं ही जुनी रीत आहे, लोकमान्य नाही का सरदारगृहात उतरायचे? बाबा क्रॉफर्ड मार्केटला गेलं की ती इमारत आपल्याला दरवेळी दाखवायचे, 1 ऑगस्ट 1920 ला टिळक इथे गेले म्हणून, आणि मग भाजी घ्यायला विसरायचे. आई म्हणाली, "टिळकांची गिरगावात खोली नव्हती."

यावर मी काय बोलणार?

तू म्हणशील, दादर बघ. तू कायम दादरच म्हणतोस, आणि मुंबईचं मधलं ठिकाण दादर की गिरगाव यावर आपण दहावीच्या सुट्टीत दोन दिवस बोलत नव्हतो. मी बघितलं. डेक्कन क्वीन तिथे थांबते, जेवणाखाण्याची सोय उत्तम, आणि ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो पार कफ परेडपर्यंत गेली आहे, म्हणजे दादरहून सरळ गिरगाव स्टेशनात उतरता येतं. हो, गिरगाव स्टेशन! जमिनीखाली! पण शोभायात्रा संपल्यावर भर उन्हात त्या गर्दीतून तिला परत दादरपर्यंत न्यायचं, तिथे आडवं करायचं आणि मग पाचच्या गाडीला बोरीबंदर. नको. माणूस तरणा असेल तर दादर. तिच्यासाठी नाही.

या शोधात मला एक गोष्ट कळली. एका रात्रीच्या मुक्कामात रात्रीचं काही फारसं नसतं. झोप कुठेही लागते. खरा प्रश्न असतो खोली मिळायच्या आधीच्या आणि सोडल्यानंतरच्या तासांचा. आम्ही साडेदहाला उतरणार, खोली मिळणार दोनला. दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची, गाडी पाच दहाची. म्हातारं माणूस त्या सहा तासांत कुठे टेकणार? बॅग क्लोकरूममध्ये ठेवता येते, आईला ठेवता येत नाही. आणि हॉटेलांच्या जाहिरातींत "सगळ्यापासून जवळ" असं लिहिलेलं असतं, ते सगळं म्हणजे गेटवे, म्युझियम आणि कुलाब्याचा बाजार. गिरगावातल्या आपल्या ठाकूरद्वारपासून किती लांब, ते कुणीच लिहीत नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात फोर्टात काम निघालं तेव्हा मी हाफ डे टाकून स्वतः चालत फिरलो. बोरीबंदरसमोरच्या गल्ल्यांत जुन्या इमारतींच्या मजल्यांवर गेस्ट हाऊस आहेत, तुला आठवतील. स्वस्त आहेत, गाडीला जवळ आहेत, मेट्रोने मधे काळबादेवी आणि लगेच गिरगाव. पण लिफ्टपर्यंत जायलाच सात-आठ दगडी पायऱ्या. एकाकडे लिफ्ट होती, ती दोन मजल्यांच्या मधोमध थांबत होती. खोल्यांना खिडकी नाही, असली तर समोरच्या भिंतीवर उघडते. आणि खिडकीशिवाय आई यायलाच तयार नाही. का, ते ऐक. ती गुढी घेऊन येणार आहे! हातभर काठी, तांब्याचं छोटं भांडं, खणाचा तुकडा, सगळं तयार आहे. पुण्याच्या घरी नीलिमा उभारेल, पण पाडव्याच्या सकाळी गिरगावात असून गुढी नाही हे तिला चालणार नाही. तेव्हा हॉटेलवाल्यांना मी इंटरनेट, एसी काही विचारत नाही, खिडकी उघडते का आणि काठी बांधायला गज आहे का, एवढं विचारतो.

मरीन ड्राइव्हवरही गेलो. त्या आर्ट डेको इमारतींचा 2018 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. आपण त्यांच्या समोर बसून चणे खायचो. समुद्रासमोरच्या खोलीसाठी मी पैसे घातले असते, अव्या, खरंच घातले असते. साडेसात हजारांपर्यंत आता 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की 18, पण तेही दिले असते. तिने आयुष्यभर तो समुद्र गर्दीतून उभं राहून बघितला, एकदा पलंगावरून बघितला असता. पण मरीन ड्राइव्ह आणि गिरगाव यांच्या मधे रेल्वेचे रूळ आहेत, म्हणजे पूल, म्हणजे जिने. आणि पाडव्याच्या सकाळी गिरगावातले रस्ते वाहनांना बंद, त्यामुळे टॅक्सीने वळसा घालून दारात उतरणंही नाही.

तिथे उभा असताना तुझी फार आठवण झाली आणि रागही आला. चाळीतली खोली देऊन टाकली तेव्हा तू मला काय काय बोलला होतास. "पैशांची हाव म्हणून आईचं घर विकलंस." ते वाक्य तू विसरला असशील, मी नाही. मी आजही सांगतो, मी बरोबर केलं. बाबांना अर्धांग झाल्यावर त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवताना तू बंगलोरला होतास. दिन्या आणि मी होतो, आणि वाण्याचा पोरगा. लाकडी जिना करकरत होता आणि बाबा एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते. गॅलरीच्या टोकाला संडास, रात्री तीनदा न्यायचं. आता चाळीच्या जागी टॉवर होईल तेव्हा होईल, तोपर्यंत माणसाने कुठे जायचं? तुला घर दिसत होतं, मला जिना दिसत होता. हे तुला समोर बसून सांगायचं राहून गेलं होतं, आता लिहून मोकळा होतो. राग नाही माझा. तू बोललास ते माझ्या आईच्या प्रेमानेच बोललास, हेही मला ठाऊक आहे.

बरं. तर शेवटी धोबीतलाव. मेट्रो सिनेमापासून आत, लिबर्टीच्या मागच्या अंगाला एक जुनं हॉटेल सापडलं आहे. तिथून ठाकूरद्वारचा नाका साधारण किलोमीटरभर, सगळा रस्ता सपाट, एकही पायरी नाही. मी आईच्या चालीने चाललो, मधे दोनदा टेकायला जागा आहे का ते बघत. आहे. लिफ्ट रस्त्याच्या पातळीवरून सुरू होते. बाथरूमला उंबरा आहे पण बोटभर, कमोड आहे, भिंतीला धरायला दांडी नाही तेव्हा स्टूल मागून घेतलं. खिडकी उघडून बघितली. गज आहेत! मॅनेजर जुना माणूस, बाहेर ट्रॅफिकचा आवाज येतो हे स्वतःहून म्हणाला, मला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत खोली ठेवायची तर अर्ध्या दिवसाचे पैसे पडतील, ते मी कबूल केले. तिथून बोरीबंदर टॅक्सीने जवळ.

मग आधारचं विचारलं. काल घडलेलं होतं म्हणून आज फोन करून मुद्दाम विचारलं, आवाज जरा कापलाच माझा. पत्ता ठाकूरद्वारचा आहे, चालेल का? तो म्हणाला, प्रत्येकाचं ओरिजिनल आणा, झेरॉक्स चालत नाही. बस, एवढंच.

आईला कालचं काहीही सांगितलेलं नाही आणि तूही सांगू नकोस. फोन करते ती तुला, माझ्या पाठीमागे, मला माहीत आहे. तिला वाटतंय मी फार चिकित्सा करतोय. "एका रात्रीसाठी एवढं काय बघायचं, गॅलरीत झोपलेली माणसं आपण." पण मला भीती एकाच गोष्टीची आहे, अव्या, की तिथे काउंटरवर उभं राहून कुणी तिचं कार्ड उलटंसुलटं करून बघेल आणि तिला विचारेल, इथल्याच आहात मग हॉटेलात कशाला? तिच्याकडे त्याचं उत्तर नाही. माझ्याकडे आहे, पण ते मी तिच्यासमोर देऊ शकत नाही. म्हणून ठरवलंय की ती सोफ्यावर बसेल, मी दोन्ही कार्डं घेऊन पुढे जाईन.

विनयची मिसळ आदल्या दिवशी खाऊ, पणशीकरांकडे पियूष, पाडव्याला तिथे पाय ठेवायला जागा नसते. चाळीच्या जागेपाशी तिला न्यायचं की नाही ते ठरलेलं नाही. ती म्हणत नाही, मी विचारत नाही. तुझं मत कळव.

सईचं ठरल्याचं ऐकून फार आनंद झाला. मुलगा हुबळीचा म्हणजे आता कानडी घरातच आली. तारीख कळव. तुझं बीपी गोळ्यांवर ठेव, योगावर नको. माईंना नमस्कार.

आणि हे महत्त्वाचं. मी तीन जणांची खोली घेतली आहे. उद्यान एक्सप्रेसने आदल्या दिवशी ये किंवा विमानाने ये, मला काही देणंघेणं नाही, पण ये. शोभायात्रेत आईला एका बाजूने मी धरणार, दुसऱ्या बाजूला माणूस लागेल. तिसरा पलंग नको असेल तर मॅनेजरला शुक्रवारपर्यंत सांगायचं आहे, तेव्हा त्याआधी फोन कर. तुझं आधार बंगलोरचं आहे, तुला कुणी अडवणार नाही.

तुझा,
शिऱ्या