बाळूस पत्र : स्वातीच्या गाडीतून

॥ श्री ॥

ख्रिस्तचर्च, न्यूझीलंड
२७ एप्रिल

चि. बाळू आणि सौ. मंगल यांस अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता इथे खुशाल. फोनवर तुझं बोलणं नेहमी अर्ध्यात तुटतं, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमच्या-आमच्या घड्याळात सध्या साडेसहा तासांचा फरक आहे. तू शेतावरून येऊन, हातपाय धुऊन फोन लावतोस तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि मी झोपेतच हं-हं करत असतो. त्यातलं सकाळी काहीही आठवत नाही.

तुझा प्रश्न असा की, पोरगी एवढ्या लांब स्वतः गाडी घेऊन जाते, हे कितपत बरं? तर निश्चिंत राहा. शाळेच्या सुट्टीत आम्ही सगळे टेकापोच्या तळ्यावर मुक्कामाला जाऊन आलो. जाताना-येताना स्टेअरिंग तिच्याच हातात. जावईबापू मागे ओवीशेजारी, तुझी वहिनी डब्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन त्यांच्या पलीकडे, आणि मला पुढे डावीकडे बसवलेलं. एसटीच्या आगारात नवीन चालक माझ्या हाताखाली द्यायचे, तेव्हा मी कुणाला लवकर पास करत नसे. हिला घाट उतरायच्या आत केलं.

इथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, त्यामुळे डोक्याला ताप नाही. उघड्या रस्त्याला कमाल वेग शंभर. प्रत्येक अवघड वळणाच्या आधी पिवळ्या पाटीवर आकडा लिहिलेला असतो, पंचावन्न, पंचेचाळीस, पस्तीस, की या वेगाने वळा. ती पाटी यायच्या आधीच स्वातीचा पाय उचललेला असायचा. बर्क्स पास नावाची खिंड आहे, सातशे मीटर उंचीवर. आपल्या पसरणीच्या मानाने तो घाट म्हणायलाही मी तयार नाही. पण उतरताना मी मुद्दाम तिच्या पायाकडे बघत होतो. ब्रेकवर पाय ठेवून बसली नाही. गाडी ऑटोमॅटिक असूनही दांडी मागे ओढून गिअर खाली घेतला आणि इंजिनावर गाडी उतरवली. विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "काकांनी. उसाची ट्रॉली रिकामी असताना." तू तिला ट्रॅक्टरवर बसवायचास हे ठाऊक होतं, उतारावर सोडायचास हे मला आज कळलं. मंगलला माहीत होतं का?

एकेरी पुलांबद्दल तर तुला सांगायलाच हवं. आडवाटेच्या रस्त्यांवर इथे एका गाडीपुरते पूल अजून ठेवलेत. पुलाच्या एका बाजूला निळी पाटी, तिच्यावर पांढरा मोठा बाण, म्हणजे तुम्ही आधी जा. दुसऱ्या बाजूला लाल कडेची गोल पाटी, म्हणजे तुम्ही थांबा. पोलीस नाही, सिग्नल नाही. समोरची गाडी लांबूनच थांबते, आपण पार झालो की स्टेअरिंगवरचा हात न सोडता एक बोट उचलायचं, झाला रामराम. हॉर्न मी अख्ख्या प्रवासात ऐकला नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हे आपल्या घाटातही शिकवतातच, पण त्यासाठी किती वेळा काच खाली करून तोंड चालवावं लागलं, ते माझं मला माहीत.

मैदानातला रस्ता मात्र तुझ्यासाठी नीट बघून ठेवला. कँटरबरीचं मैदान म्हणतात त्याला. ख्रिस्तचर्चहून निघालं की तासभर डोंगर लांबच राहतात. वाटेत राकाया नदीवर पावणेदोन किलोमीटरचा पूल लागतो, या देशातला सर्वांत लांब रस्त्याचा पूल. नदी बघायला खाली डोकावलो, तर ती एका जागी नाहीच! सगळा करड्या गोट्यांचा पसारा आणि त्यातून पाण्याच्या वेगवेगळ्या धारा, कुठे एकत्र येतात, कुठे परत फुटतात. या नद्या बर्फाच्या डोंगरातून गोटे वाहून आणतात, त्यांनीच हे मैदान भरलंय. म्हणजे जमीन वरून हिरवी, खाली मुरमाड. पाणी धरून ठेवणारी नाही. त्यावर यांनी १९३७ साली एक कालवा खोदायला घेतला, रांगिताता नदीपासून राकायापर्यंत ६७ किलोमीटर, मैदानाच्या वरच्या अंगाने. आता शेतात चाकांवर उभी केलेली लांबच लांब पाइपलाइन असते, ती एका टोकाभोवती सावकाश गोल फिरते आणि वरून पाऊस पाडते. माणूस कुठे दिसत नाही. ज्या रानात पूर्वी मेंढ्या होत्या तिथे आता दुधाच्या गाई. जावईबापू म्हणाले, त्यामुळे भूजलात नायट्रेट वाढलं आणि त्यावरून इथे बरीच भांडणं आहेत. पाण्याची भांडणं कुठे चुकलीत! तरी तू आलास की एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर तासभर उभं राहू, असं मी ठरवून टाकलंय.

बाळू, एक गोष्ट तुला खरी सांगतो. नोकरीत मी किती सहली नेल्या असतील त्याची गणती नाही. दिवाळी झाली की शाळांचे प्रासंगिक करार, म्हणजे सहलीसाठी अख्खी गाडी भाड्याने, सुरू व्हायचे. महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड, गणपतीपुळे. पोरं गड चढायला गेली की मी गाडी सावलीत लावायचो, चाकाला दगड लावायचा आणि मागच्या लांब सीटवर ताणून द्यायची. कारण रात्री परत घाट उतरायचा असायचा. प्रतापगडाचा पार्किंगचा तळ मला पाठ आहे, वरचा भवानीमातेचा गाभारा कसा आहे ते तुझ्या वहिनीने सांगितलेलं. घरच्यांना घेऊन जायचं म्हटलं की सुट्टी मिळायची नाही. आणि मिळाली तर त्या दिवशी मला गाडीचं तोंड बघायचं नसायचं. स्वातीला महाबळेश्वर तूच दाखवलंस.

म्हणून टेकापोला गेल्यावर पहिला अर्धा तास मला काय करावं ते समजेना. गाडी लावली, हवा बघितली, काच पुसली. मग ओवी हात धरून ओढतच घेऊन गेली.

तळ्याचं पाणी निळं म्हणू की हिरवं, ठरत नाही, आणि दुधाळ. हिमनद्या सरकताना खालचा खडक दळत जातात, ते पीठ इतकं बारीक असतं की तळाशी बसतच नाही, पाण्यात तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की असा रंग दिसतो. काठावर १९३५ साली बांधलेलं दगडी चर्च आहे, अगदी चिमुकलं. त्याच्याजवळ एका कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा. राजा नाही, सेनापती नाही, मेंढ्या राखणारा कुत्रा! या उजाड माळावर त्याच्याशिवाय मेंढरं राखणं जमलंच नसतं, म्हणून मेंढपाळांनी तो उभारला. मला ती जागा चर्चपेक्षा जास्त आवडली. दुसऱ्या दिवशी माउंट कुकच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. ३७२४ मीटर, या देशातलं सर्वांत उंच शिखर. एडमंड हिलरी एव्हरेस्टआधी याच डोंगरात तयार झाला. आम्ही गेलो तेव्हा शिखर ढगात होतं, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

राहायला हॉटेल नव्हतं. इथे हॉलिडे पार्क असतात. लहान खोली घ्यायची आणि स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एक. शेगड्या, सिंक, फ्रीज, सगळं सामाईक. तुझ्या वहिनीला आधी ते पटेना. पण येताना भाजणी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि लोखंडी तवा, एवढं तिने बरोबर घेतलेलंच होतं. पहिल्या संध्याकाळी थालीपीठं लावली. शेजारच्या शेगडीवर एक जर्मन पोरगा मॅकरोनी उकडत होता. उकडली, पाणी काढलं, मीठ टाकलं आणि उभ्या-उभ्याच खायला लागला. फोडणी नाही, काही नाही. हिला ते बघवेना. एक गरम थालीपीठ लोण्याचा गोळा घालून त्याच्या ताटलीत ठेवलं. त्याने खाल्लं, आणि उपकार फेडावेत म्हणून आमचा तवा उचलून नेला आणि साबण लावून, तारेच्या घासणीने असा लख्ख घासला, की वर्षानुवर्षं मुरलेलं तेल सगळं गेलं. हिच्या तोंडून शब्द फुटेना. पोरगा मात्र खूश. दुसऱ्या दिवशी त्या तव्यावरून एक थालीपीठ सुटेल तर शपथ! आता घरी तवा परत तेल लावून-लावून मुरवणं चाललंय, आणि दर वेळी त्या पोराच्या आईचा उद्धार होतो.

रात्री बाहेर पडलो. या भागात दिव्यांवर कडक नियम आहेत, सगळे दिवे खाली तोंड करून झाकलेले. २०१२ पासून हा सगळा मुलूख आकाश अंधारं ठेवण्यासाठी राखीव आहे. मुक्कामी गाडीच्या टपावर झोपून मी जे तारे ओळखायला शिकलो, ते शोधायला गेलो तर सगळा घोटाळा. मृग सापडला, पण उलटा, पाय वर. ध्रुव तर इथून दिसतच नाही. आणि अगस्ती! आपल्याकडे तो दक्षिणेला खाली, झाडांच्या शेंड्यांमधून शोधावा लागतो, काही महिने दिसतो आणि जातो. इथे डोक्यावर, जवळजवळ मध्यावर. जावईबापूंनी सांगितलं की इथे तो कधी मावळतच नाही, रात्रभर फिरत राहतो. आपल्या आबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

घरी आल्यावर नेहमीचं सुरू. सध्या फिजोआ नावाच्या फळाचा हंगाम आहे. पेरूच्याच कुळातलं, हिरवं, अंड्याएवढं, वास पेरूचा आणि अननसाचा मिळून. ते झाडावरून तोडायचं नाही, पिकलं की आपोआप खाली पडतं. इतकं पडतं की लोक पेट्या भरून फाटकाबाहेर ठेवतात, फुकट न्या म्हणून. वहिनीने त्याचा मुरांबा केला, वेलदोडा घालून. चांगला झाला, पण खोटं कशाला बोलू, कोशिंबीर त्याहून बरी होते, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून. ओवी रोज शाळेतून येताना खिसे भरून आणते. ही शाळेत गेली ती पाचव्या वाढदिवसाला; इथे बहुतेक पोरं ज्याच्या-त्याच्या वाढदिवशी शाळेत बसतात, जूनची वाट बघत नाहीत. आणि अनवाणी फिरतात, दुकानातसुद्धा! यावर आजीबाईंचं मत काय असेल ते तुला माहीतच आहे.

आता कामाचं. तुमची तिकिटं स्वातीने डिसेंबरची काढली आहेत. मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, आधी काका-काकूंनाच बोलवायचं होतं, तुम्ही मध्ये आलात. तेव्हा उसाची तोड, दूध काढायला माणूस, ही कारणं तिला सांगू नकोस, ती ऐकणार नाही. डिसेंबरात इथे उन्हाळा असतो, रात्री नऊपर्यंत उजेड. टेकापोला तेव्हा ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं असतील. दिसतात देखणी, पण बाहेरून आणून लावलेली, आता नदीची पात्रं गिळायला निघाली आहेत. आपल्याकडच्या घाणेरीची गत.

सामान भरताना लक्ष ठेव. विमानतळावर खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून दाखवावी लागते. लिहिलं आणि त्यांना पटलं नाही, तर फार तर काढून घेतात. लपवलं तर जागच्या जागी चारशे डॉलर दंड. कुत्री सामान हुंगत फिरतात. मध अजिबात नको, बियाणं नको, ताजं फळ-भाजी नको, पेढे-बर्फी नको. मंगल कंदी पेढे घेतल्याशिवाय निघणार नाही, तिला तूच समजाव. आमचं मेतकूट अधिकारीणबाईंनी उघडून वास घेतला आणि परत दिलं, पण मसाला दुकानातला, सीलबंद आणा. आणि बाळू, शेतातली चप्पल घालून येऊ नकोस. तळव्याला लागलेली मातीसुद्धा बघतात. नवीन बूट घे, सातारला जाऊन, आणि आत्तापासून घालायला लाग, नाहीतर विमानात पाय सुजतील.

पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन झालं का, ते लगेच कळव. विहिरीच्या मोटरचं काय झालं?

तुझा,
दादा

ता. क. – वहिनी सांगते, मंगलने येताना एक पितळी उलथनं आणावं. इथलं प्लास्टिकचं तव्यावर वितळलं.